गोळी मनाची, हिशेब घराचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक मावशी पहाटे मोरीकडे जाताना चक्कर येऊन पडल्या. वय साठीच्या पुढचे. कपाळाला खोक पडली, हाताला मुका मार बसला. मुलगा रात्रपाळीला गेलेला, घरात सून एकटी, पदरात दोन लहान मुले. शेजारीपाजारी जमले. कोणी म्हणाले, बीपी वाढले. कोणी म्हणाले, साखर उतरली. एका बाईंनी तर लिंबू उतरवून टाकायला सांगितले. सुनेने तिकडे लक्ष दिले नाही, हे तिचे शहाणपण. मावशींना आदल्या दुपारपासून लघवी झाली नव्हती, ओटीपोट फुगले होते आणि तोंडाला इतकी कोरड की शब्द फुटेना. आम्ही त्यांना रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले.

तपासता तपासता डॉक्टरबाईंनी विचारले, "आजींना कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

सुनेने बरोबर आणलेली प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. चार पाकिटे निघाली. एक साखरेच्या गोळीचे. एक ॲमिट्रिप्टिलीनचे. यजमान वारल्यावर मावशींनी अन्नपाणी टाकले होते, रात्र रात्र जागत होत्या, म्हणून ती गोळी याच रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून मिळाली होती. तिसरे पाकीट पायांची आग होते म्हणून एका खाजगी डॉक्टरांनी दिलेले. त्यात नॉरट्रिप्टिलीन होते. चौथी सर्दीची गोळी, मेडिकलमधून तोंडी मागून आणलेली.

डॉक्टरबाईंनी दुसरे आणि तिसरे पाकीट शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, "या दोघी एकाच घरच्या. पहिली गोळी शरीरात गेली की तिच्यापासूनच दुसरी तयार होते. म्हणजे आजी एकच औषध दोन दुकानांतून घेत होत्या. आणि वर ही सर्दीची गोळी, तीही लघवी अडवणारी."

नळी घालून लघवी काढली, एक गोळी बंद केली, दोन दिवस देखरेखीखाली ठेवले. मावशी घरी आल्या. पण येताना मनात विचार आला की, यात दोष कोणाचा? मनोविकाराच्या डॉक्टरांचा नव्हे. पायांच्या डॉक्टरांचाही नव्हे, कारण त्यांना पहिली चिठ्ठी कोणी दाखवलीच नव्हती. मावशींनी ती लाजेने लपवली होती. औषध वाईट नव्हते. हिशेब ठेवला गेला नव्हता, एवढेच. आजचा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

ही गोळी आहे तरी कोणती?

मनाच्या उदासीनतेवरील औषधांत एक जुना गट आहे. त्या औषधांच्या रेणूत तीन कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून डॉक्टर त्यांना 'ट्रायसायक्लिक' म्हणजे तीन कड्यांची औषधे म्हणतात. या गटातील पहिले औषध इमिप्रामीन. स्वित्झर्लंडमधील रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या रुग्णालयात ते उदासीनतेच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९५७ साली त्याचा गुण जगापुढे मांडला. पाठोपाठ १९६१ मध्ये अमेरिकेत ॲमिट्रिप्टिलीन बाजारात आले. नॉरट्रिप्टिलीन, क्लोमिप्रामीन, डॉक्सेपिन, डोसुलेपिन ही त्याच घराण्यातील नावे.

आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. ते निरोप सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन अशी रसायने पोचवतात. एकदा निरोप दिला की पेशी ते रसायन परत ओढून घेते. ही गोळी तो परतीचा रस्ता अडवते. त्यामुळे रसायन जास्त वेळ कामावर राहते, आणि काही आठवड्यांनी मन सावरू लागते.

आज उदासीनतेसाठी डॉक्टर बहुधा फ्लुओक्सेटीन, एस्सिटॅलोप्रॅम अशी नवी औषधे आधी देतात, कारण ती हृदयाला कमी धोक्याची आहेत. तरीही जुन्या गोळीची गरज संपलेली नाही. तिने झोप लागते, आणि दुखण्यावरही ती चालते. साखरेच्या आजारात होणारी हातापायांची आग, नागीण बरी झाल्यावर राहिलेला ठणका, वरचेवर उठणारी अर्धशिशी, या सर्वांवर डॉक्टर ती लहान मात्रेत, रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम अशी देतात. काही वेळा अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांनाही देतात. उदासीनतेसाठी मात्र मात्रा हळूहळू वाढवत न्यावी लागते. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ॲमिट्रिप्टिलीन आहे. औषध जुने, अनेक कंपन्या बनवतात, म्हणून गरिबाला परवडते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पायांच्या आगीसाठी ही गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला मनोरुग्ण ठरवले असे नाही. आणि मनासाठी दिली म्हणजे तुम्ही वेडे झालात असेही नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले, कशात रस नाही, भूक-झोप उडालेली, कामात हात चालत नाही, जगणे नकोसे वाटते, तर तो आजार आहे. आजाराला औषध असते. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

पहिले पंधरा दिवस खडतर

या गोळीची गंमत अशी की त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो. पहिल्या दोन-चार दिवसांतच तोंडाला कोरड पडते, सुस्ती येते, पोट साफ होत नाही. झोप थोडी सुधारते. पण मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पुरता गुण दिसायला सहा ते आठ आठवडेही जातात. आमच्या वस्तीत निम्मे लोक आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून पाकीट खिडकीत टाकून देतात. शेत पेरून आठव्या दिवशी कणीस शोधण्यासारखे हे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, आणि लवकर गुण यावा म्हणून एकाच्या दोनही करू नका.

याच पहिल्या आठवड्यांत घरच्यांनी रुग्णावर मायेची नजर ठेवावी. विशेषतः २५ वर्षांखालील तरुण मुला-मुलींवर. उदासीनतेवरील औषधे सुरू करताना या वयात जीव देण्याचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांबाबत दिला आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही तो लागू केला. मुलगा किंवा मुलगी एकाएकी फार अस्वस्थ झाली, निरवानिरवीची भाषा करू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. "तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" असे प्रेमाने विचारण्यास भिऊ नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मनावरचा भार उतरतो.

आणखी एक खूण. खचलेला माणूस अचानक अति उत्साही झाला, झोपेची गरजच वाटेना, बडबड वाढली, पैसे उधळू लागला, तर तो 'बरा झाला' असे समजू नका. काही रुग्णांत आजार दुसऱ्या टोकाला जातो. डॉक्टरांना सांगा.

लहान त्रास आणि त्यावर घरचा उपाय

तोंडाची कोरड : पाण्याचा घोट थोड्या थोड्या वेळाने घ्यावा. गोड गोळ्या चघळू नयेत, लाळ कमी असल्याने दात लवकर किडतात. दोन वेळा दात घासावेत. कोरड घालवण्यासाठी तंबाखू वा मिश्री लावणे हा उपाय नाही.

बद्धकोष्ठ : भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, पेरू, भरपूर पाणी आणि रोजचे चालणे. तरीही चार दिवस पोट साफ झाले नाही तर दवाखाना.

चक्कर : झोपून एकदम उठल्यास रक्तदाब खाली येतो. आधी कुशीवर व्हा, मग खाटेच्या काठावर पाय सोडून मिनिटभर बसा, मग आधार धरून उभे राहा. रात्री मोरीपर्यंत दिवा चालू ठेवा. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते ते असेच.

वजन : भूक वाढते, गोड खावेसे वाटते. साखरेच्या रुग्णांनी साखर वेळोवेळी तपासावी.

सुस्ती : सकाळी डोके जड राहत असेल तर रात्रीची गोळी थोडी आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

पण पुढील गोष्टी लहान नव्हेत. लघवी अडकणे, छातीत धडधड किंवा ठोके चुकणे, बेशुद्धी, फीट, एकाएकी डोळा लाल होऊन दुखणे व दिव्याभोवती कडे दिसणे, म्हाताऱ्या माणसाने असंबद्ध बोलू लागणे. यातले काहीही झाले तर घरी बसून वाट पाहू नका.

आधी सांगायच्या गोष्टी

डॉक्टरांपुढे रांग मोठी असते, वेळ थोडा असतो. म्हणून न विचारता आपणच सांगावे. पूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता का, ठोक्यांचा काही दोष आहे का, फीट येतात का, काचबिंदू आहे का, पुरुषांना लघवीला जोर द्यावा लागतो का, यकृताचा आजार, थायरॉइड, गरोदरपण, अंगावर पिणारे बाळ, आणि घराण्यात कोणाला अति उत्साहाचा झटका येऊन गेला होता का. हृदयाची शंका असल्यास डॉक्टर आधी ईसीजी काढतात. तो खर्च वाया गेला असे समजू नये. गरोदर भगिनींनी गोळी मनानेच सुरूही करू नये आणि मनानेच बंदही करू नये. दोन्हीत धोका आहे.

सोबत काय नको?

पहिली दारू. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूला गुंगी आणतात. एकत्र झाल्या की श्वास मंदावतो, तोल जातो, अपघात होतो. "एक पेग चालतो" असे सांगणारा मित्र रात्री तुमच्या उशाशी बसणार नाही. दारूने दुःख बुडत नाही. उदासीनता मात्र वाढते आणि गोळीचा गुण जातो.

दुसरी, दुकानातून तोंडी मागून आणलेली औषधे. सर्दी-खोकल्याच्या अनेक गोळ्या-सिरपमध्ये क्लोरफेनिरामीन असते, पोटात कळ आल्यावर घेतात त्या गोळीत डायसायक्लोमीन असते. ती दोन्ही कोरड आणि लघवीची अडचण वाढवतात. दुखण्यावरील ट्रामाडोल या गोळीबरोबर घेतल्यास फीट येण्याचा धोका वाढतो. फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन यांच्यासोबत घेतली तर जुन्या गोळीचे रक्तातील प्रमाण चढते. डॉक्टर विचार करून दोन औषधे एकत्र देतात तेव्हा ते मात्रा बघून देतात. आपण परस्पर करू नये. धोतऱ्याचे बी किंवा पान घातलेला गावठी उपाय तर मुळीच नको. तोही तीच कोरड आणि भ्रम आणणारा आहे.

तिसरी, जोडगोळी. बाजारात ॲमिट्रिप्टिलीन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र असलेली गोळी पुष्कळ खपते. त्यातील ॲमिट्रिप्टिलीनची सवय लागत नाही, पण दुसऱ्या औषधाची लागते. ती फार दिवस घेऊ नये, आणि एकदम सोडूही नये. म्हणून पाकिटावर कंपनीने दिलेले नाव वाचून थांबू नका. औषधाचे मूळ नाव काय आणि ते एक आहे की दोन, हे पाहा. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. तिच्या शिक्षणाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

आणि चौथी गोष्ट, उसनवारी. साखर, चहापत्ती शेजारून आणावी, गोळी आणू नये. "मला हिने छान झोप लागली, तूही घे" असे म्हणून दिलेली एक गोळी हृदयाच्या रुग्णाला महागात पडू शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा या पाकिटावर छापलेला असतो. तो शेजाऱ्यांनाही लागू आहे.

कामगार बंधूंसाठी

यंत्रावर, मचाणावर, गाडी चालवण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांनी डॉक्टरांना आपले काम आणि आपली पाळी स्पष्ट सांगावी. "रात्री झोपताना" असे चिठ्ठीवर लिहिले, आणि तुम्ही तर रात्री दहाला कामावर चढता, मग ती गोळी घ्यायची केव्हा? याचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे आहे, शेजारच्या कामगाराने नव्हे. गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर पहिले काही दिवस गाडी आणि धोक्याचे यंत्र टाळावे. काही दिवसांचा खाडा परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण बोटे गेल्यावर तोही हिशेब जुळत नाही. मुकादमाला आजार सांगायचा नसेल तर नका सांगू. 'डोके जड होण्याची गोळी चालू आहे, काही दिवस हलके काम द्या' एवढे पुरे.

उन्हात राबणाऱ्या बांधकाम व शेतमजूर बंधू-भगिनींनी आणखी काळजी घ्यावी. या गोळीने काहींचा घाम कमी होतो आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारचे काम टाळावे, डोक्याला फडके बांधावे, पाणी बरोबर ठेवावे.

कुलूप कोणासाठी?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा. ही गोळी ठरल्या मात्रेत मित्र आहे, मात्रेबाहेर ती हृदयाचे ठोके बिघडवते, फीट आणते. लहान मुलाच्या पोटात थोड्याशा गोळ्या गेल्या तरी जिवावर बेतू शकते. गोळ्या लहान, चकचकीत, काही रंगीत. मुलाला त्या गोळ्या-बिस्किटातल्याच वाटतात. मावशींच्या खिडकीत पाकीट असायचे आणि खाली दोन नातवंडे खेळायची, हे आठवले की आजही काटा येतो.

म्हणून गोळ्या पेटीत किंवा कपाटात कुलपात ठेवा. एका खोलीचे घर असले तरी पत्र्याच्या पेटीला कुलूप लागते. पर्समध्ये, उशीखाली, टीव्हीवर ठेवू नका. मुलांना औषध देताना 'चॉकलेट आहे' असे कधी म्हणू नका.

जो माणूस फार खचला आहे, ज्याने पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला आहे, त्याच्या घरी तर महिन्याच्या गोळ्या एकदम आणूच नयेत. डॉक्टरांना विनंती करावी, ते आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या देतात. किल्ली घरातील एका जबाबदार माणसाकडे असावी, आणि रोजची गोळी त्याने हातावर ठेवून पाण्याचा पेला द्यावा. यात अविश्वास नाही. आजारी माणसाला पथ्याचे ताट आपण हाताने वाढतोच ना? तसेच हे. उरलेल्या, जुन्या, बदललेल्या गोळ्या घरात साठवू नका. त्या औषधाच्या दुकानदाराला किंवा दवाखान्यात विचारून नष्ट करा.

जास्त गोळ्या पोटात गेल्यास

चुकून असो किंवा दुःखाच्या भरात असो, जास्त गोळ्या घेतल्याचे कळले तर :

१) माणूस बरा दिसतो म्हणून थांबू नका. पहिल्या काही तासांतच तब्येत झपाट्याने खालावू शकते. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्या.

२) मिठाचे पाणी, चिंचेचे पाणी, साबणाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. गुंगीत ओकारी श्वासनळीत जाते.

३) गुंगी असेल तर कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका.

४) रिकामे पाकीट सोबत न्या. किती गोळ्या कमी आहेत आणि किती वाजता घेतल्या, हे सांगा.

५) एकट्याला सोडू नका, आणि त्या वेळी रागावू नका.

रुग्णालयात ईसीजीवर ठोक्यांची लय पाहतात, आणि गरजेप्रमाणे शिरेतून सोडिअम बायकार्बोनेट देतात. वेळेवर पोचलेला माणूस वाचू शकतो. पोलीस केस होईल या भीतीने कित्येक घरे मौल्यवान तास घालवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असे पाऊल उचलणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते, आणि त्याची काळजी व उपचार करणे सरकारचे कर्तव्य ठरते. तेव्हा कायद्याची भीती दाराबाहेर ठेवा आणि आधी रुग्णालय गाठा.

सोडायचीही पद्धत असते

बरे वाटू लागले की गोळी थांबवण्याचा मोह होतो. बरे वाटते ते गोळीने वाटते, हे विसरू नका. उदासीनता बरी झाल्यावरही सहसा निदान सहा महिने औषध चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. एकदम बंद केल्यास मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, झोपमोड, वाईट स्वप्ने असा त्रास होतो. त्यावरून लोक म्हणतात, "बघा, सवय लागली." ती दारूसारखी सवय नव्हे. शरीराला बदल पचवायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवतात. एखादे दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळणाऱ्या असतात. त्या मोडू नका, चावू नका.

वहीचे एक पान

आता मुख्य हिशेब. दुकानाची उधारी लिहायला आपल्याकडे वही असते, भिशीला असते, मंडळाच्या वर्गणीलाही असते. मग औषधाला का नसावी? मुलांच्या जुन्या वहीचे एक पान घ्या. वर रुग्णाचे नाव आणि त्याला असलेले सर्व आजार लिहा. खाली रकाने आखा : औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी दिली, केव्हा घ्यायची, केव्हा सुरू झाली, किती शिल्लक. साखर, बीपी, पायांची आग, मनाची उदासी, सर्दी, सगळी औषधे एकाच पानावर. कोणत्याही डॉक्टरांकडे, अगदी दात काढायला गेलात तरी, केसपेपरच्या आधी हे पान पुढे करा. पान फाटले तर नवे करा. मावशींच्या घरी हे पान असते तर पायांच्या डॉक्टरांनी ते पाहताच दुसरी गोळी दिली नसती.

ज्यांच्या घरी कोणी खचले आहे आणि कोठे जावे कळत नाही, त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. या रुग्णालयांत हा विभाग आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री केला तरी चालतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक त्याच वहीच्या पानावर वर लिहून ठेवा.

मावशी आता बऱ्या आहेत. परवा दारात बसून मेथी निवडत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "भाऊ, आता मी लपवत नाही. पायवाल्या डॉक्टरला पण पान दाखवलं. तो म्हणाला, आजी, हे आधी का नाही दाखवलं?" मग किंचित थांबून म्हणाल्या, "लाज वाटायची रे. आता वाटतं, लाजेपायी जीव जात होता."

बंधू-भगिनींनो, याहून अधिक मी काय सांगणार? आज रात्री जेवणे आटोपली की घरातील औषधांची पिशवी उपडी करा. जे निघेल ते लिहून काढा. पेटीला कुलूप लावा. आणि आपल्या घरातील खचलेल्या माणसाजवळ दहा मिनिटे बसा.

सप्रेम जयभीम.